सुनेनं लिहून दिलेली पापं

पेरू देशातल्या कुस्को शहराच्या वरच्या डोंगरातल्या चर्चमध्ये, पाद्रीबाबांना पापं सांगायच्या रांगेत एउलोखिया उभी होती. मुठीत लेकीनं लिहून दिलेली चिठ्ठी होती. पुढच्या दोन म्हाताऱ्या केचुआत, डोंगरातल्या बोलीत, बोलत होत्या.

“सातुर्निना, चिठ्ठी आणलीस?”

“हो. सुनेनं स्पॅनिशमध्ये लिहून दिलीय. रागावले, खोटं बोलले, रविवारची प्रार्थना चुकवली.”

“दरवर्षी हीच तीन पापं, बाई!”

“मग काय करू? बाबांना कळते फक्त स्पॅनिश, आणि लिहिणार सून. तिला सांगण्याजोगी तेवढीच.”

“अगं, हे नवे बाबा आपल्याच डोंगरातले. केचुआ बोलतात.”

“खरं सांगतेस? मग ही चिठ्ठी तूच धर.”

सातुर्निना आत गेली ती बऱ्याच वेळानं डोळे पुसत बाहेर आली.

“एवढं काय केलं होतंस गं?”

“माझी पहिली पोर. जन्मली तीच निळी पडलेली. पाद्री दोन दिवसांच्या वाटेवर, पोर तेवढी टिकणार नव्हती. मीच डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला, नाव ठेवलं. प्रार्थना स्पॅनिशमध्ये येत नव्हती, केचुआत म्हटली. बत्तीस वर्षं वाटायचं, देवाला ती प्रार्थना कळलीच नसेल.”

“मग? बाबा काय म्हणाले?”

“म्हणाले, कळली. तेव्हाच कळली. मग पोरीचं नाव मोठ्यानं घ्यायला लावलं.”

“काय गं नाव?”

“सिसा.”

“गोड आहे. जा, आता पोटभर जेव.”

एउलोखियानं मुठीतली चिठ्ठी चुरगळली. आपली पाळी येताच आत जाऊन गुडघे टेकले आणि केचुआत म्हणाली, “बाबा, नीट टेकून बसा. जरा वेळ लागेल.”