धुरीचा मासा

घानात, अक्रा शहरातल्या छातीच्या दवाखान्यात बाकावर नंबराची वाट बघता बघता आयोर्कोरचा डोळा लागत होता. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या कोळी नवराबायकोचं जुंपलं आणि तिची झोप उडाली.

"अगं, तू जन्मभर माशांना धुरी देत आलीस. नासतात का ते?"

"नाही नासत."

"मग? मीही छातीला रोज धुरी देतो. आतले जंतू मरतात."

"आणि मग हा खोकला कोण खोकतं? मी?"

"तो जुना आहे."

"अहो, मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? सिगारेटच्या धुरानं जंतू मरत नाहीत, उलट निबर होतात. एकमेकांना चिकटून थर धरतात आणि मग गोळ्यांना दाद देत नाहीत."

"हुशार आहेत की."

"बाई?"

"जंतू."

"तुमच्याच छातीत राहून एवढे हुशार कसे झाले, देव जाणे."

हसू दाबायला आयोर्कोरनं रुमाल तोंडाला लावला.

"पण धुरीनं मासा टिकतो, हे तर खरं?"

"टिकतो ना. पण धुरावर ठेवते तेव्हा तो मेलेला असतो."



"नी ओकाय आजोबा, आत या," नर्सनं हाक मारली.

उठता उठता त्यानं खिशातलं सिगारेटचं पाकीट काढलं आणि बायकोच्या टोपलीत, केंकेच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उंड्यांच्या, पुड्याशेजारी टाकलं.

"घे. तुझ्या चुलीत घाल."

"नको बाई. माझे मासे खोकायला लागतील."