दोनदा घंटी

शेजारचं बोलणं कानी पडलं आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आजीबाईंच्या बोटांतली जपमाळ थांबली.

"भेटीची वेळ संपली, काका. सकाळी या."

"सिस्टर, गाड्या बंद आहेत हो. बायकोसाठी डोंगरापलीकडून सायकल हाणत आलोय."

"अगं बाई! आणि काखेत ही गोधडी कशाला?"

"नेताना कॅरिअरवर घालायला. नुसती सळई टोचली की घर येईस्तोवर माझा उद्धार करते."

"त्या अजून उठून बसतसुद्धा नाहीत, काका."

"...मग खाली आवारात नुसती घंटी वाजवू?"

"त्यांची खिडकी कुठली, ठाऊक आहे?"

"मला नाही. तिला माझी घंटी ठाऊक आहे."

"बरं. एकदाच हं."

"दोनदा, सिस्टर. एकदा वाजली तर तिला दूधवाला वाटेल."

आजीबाई मणी तसाच धरून कान देऊन बसल्या.