बोर्गहिल्डबाईंचा ईस्टरचा खून

—नाही हो बाई, मुखपृष्ठावर जाऊ नका. ती कुऱ्हाडवाली माझ्या मैत्रिणीच्या, टुरिडच्या नातीनं रंगवली आहे, आत एवढं रक्त नाही. आहे, पण बेतानं. ‘घातकी बायका’ हा आमचा कथासंग्रह — लिहिणाऱ्या सगळ्या याच चर्चच्या, माझ्यासारख्या पिकल्या केसांच्या. अट एकच — प्रत्येक कथेत जिला लोकांनी भ्यावं अशी एक बाई हवी. टुरिडनं भूतकथा लिहिली, डॉक्टरीणबाईंनी दोनशे वर्षांपुढची, आणि धर्मगुरूंच्या पत्नीनं प्रेमकथा — तीच सर्वांत भयंकर! काय म्हणता, पवित्र सप्ताहात खुनाच्या गोष्टी? डेन्मार्कच्या ना तुम्ही? बोलण्यावरून वाटलंच. आम्हा नॉर्वेच्या लोकांचं हे जुनंच आहे — ईस्टर आला की डोंगरातल्या लाकडी घरी जायचं, उन्हात पाठ शेकत संत्री सोलायची आणि खुनी कोण ते शोधायचं. त्यात अधर्म तो कसला? शुक्रवारी मरण, रविवारी उलगडा — हा क्रम काही आम्ही लावलेला नाही.

वॅफल घ्या, निवतंय. माझी कथा? शेवटची — पण टोपणनावानं हं, बोलू नका कुठे. चर्चचा ऑर्गनवादक एका वृद्ध गायिकेला गायकवृंदातून काढतो — आवाज चिरकतो म्हणे! मग ती गोड बोलून त्याला सांगते, ‘तळ्यावरून सरळ जा, जवळ पडेल.’ एप्रिलमधलं तळं! वरून बर्फ पांढरंशुभ्र, आतून कुजलेलं, पाय पडला की फुटणारं. हा निघाला स्कीवर ऐटीत —

कल्पितच हो. म्हणजे, स्टाइनार म्हणून आहे एक, इथला ऑर्गनवादक, गेल्या शरदात आला. मला म्हणाला, ‘बोर्गहिल्डबाई, आता खाली बाकावर बसून ऐका.’ ऐका! वर गायकवृंदात जिथे माझी आई उभी राहिली तिथे मी लग्नाआधीपासून उभी आहे. ईस्टरच्या सकाळी ‘प्रभू उठला’ हे गाण्यासाठीच मी वर्षभर जगते, बाई. ज्यानं कंठ दिला त्याला तो चिरका चालतो, आणि याला चालत नाही! येत्या रविवारी तोंड मिटून बसायचं. म्हटलं, निदान कागदावर तरी बुडू दे मेल्याला.

बुडवला का? फारच खोदून विचारता तुम्ही! गळ्यापर्यंत बुडवला, आता डोकं तेवढं उरलं — आणि हात थांबला. हा गेला तर रविवारी ऑर्गन कोण वाजवणार? वाजवतो असा की दगडानं गुडघे टेकावेत! शेवटी केली स्कीची काठी पुढे, घेतला ओढून. टुरिड म्हणाली, ‘तुझी बाई घातकी नाही गं, अर्धवट आहे!’

सही? द्या की. अगंबाई, ही प्रत इथली नव्हे — शेवटच्या कथेची पानं दुमडलेली आहेत. यजमानांनी वाचली? छान. नाव काय लिहू त्यांचं?

...

स्टाइनार? म्हणजे आमचे ऑर्गनवादकच तुमचे यजमान? त्यांनीच पाठवलं तुम्हाला? कथा कुणाची ते काढायला? आणि मी इथे तोंडानं — हसू नका हो! काय? शनिवारी सरावाला? मी? वर, माझ्या जागी? बाई, हे आधी सांगायचं, की वॅफल संपल्यावर?

बरं, जा आता. जा म्हणते ना — मागे लोक खोळंबलेत, आणि माझे डोळे उगाच... आणि ऐका — त्यांना म्हणावं, शनिवारी रस्त्यानंच या. तळ्यावरून नको.