क्वितमीरावरचा ठिपका

(उत्तर नॉर्वेतलं एक गाव. इतिहास मंडळाची खोली. ऑगस्ट, भर दुपार.)

तोर्गाइर : तेवीस फोटो, ओड्नी! तेवीसच्या तेवीस मी नकाशावर लांगवात्न तळ्याच्या उत्तरेला ठेवलेत. फोटोंच्या मागं तुझ्याच अक्षरात तसं लिहिलंय. आणि आता म्हणतेस चुकलं?

ओड्नी : चुकलं नाही म्हणत. खोटं होतं म्हणतेय.

तोर्गाइर : काय?

ओड्नी : मुद्दाम खोटं लिहिलं होतं. चल, तुझं ते नकाशाचं मशीन चालू कर. पालिकेची कचेरी तीनला बंद होते आणि हरकत घ्यायचा आज शेवटचा दिवस आहे.

तोर्गाइर : थांब गं बाई! बारा वर्षं एकटा खपतोय मी इथं. गावातला एकेक जुना फोटो घ्यायचा, कुठं काढला ते शोधायचं, नकाशावर ठिपका ठेवायचा. डोळ्यांचं पाणी केलं. आणि तू खुशाल सांगतेस खोटं होतं!

ओड्नी : तुझ्या ठिपक्यांनीच माझा घात केलाय. हा पवनचक्कीवाल्यांचा अहवाल. खूण केलीय तिथं वाच. मोठ्यानं.

तोर्गाइर : 'नियोजित रस्ता क्वितमीरा या दलदलीतून जाईल. स्थानिक लोक या दलदलीचा वापर करत असल्याचा पुरावा नाही. गावाच्या फोटोसंग्रहात इथला एकही फोटो नाही.' मग बरोबरच आहे की! तिथं कोण कडमडायला जातंय?

ओड्नी : मी. सहासष्ट वर्षं जातेय. मुल्ट्यांची रानफळं तोडायला.

तोर्गाइर : मुल्टे? क्वितमीरात? माझ्या गोठ्यामागच्या क्वितमीरात?

ओड्नी : तुझ्याच गोठ्यामागच्या. पंचवीस मिनिटं चालायचं. बर्चची झाडं ओलांडली की पाऊल ठेवायला जागा नसते, सगळं पिवळंधमक.

तोर्गाइर : माझ्या दारावरून जायचीस? मला कशी कधी दिसली नाहीस?

ओड्नी : तू दूध काढायला बसलास की निघायचे.

तोर्गाइर : आणि लांगवात्नला काय आहे मग?

ओड्नी : डास.

तोर्गाइर : ते मला सांगतेस? अकरा उन्हाळे बादली घेऊन गेलो तिथं! बायको म्हणायची, ओड्नीला मिळतात आणि तुलाच मिळत नाहीत, डोळे आहेत की बटणं! अगं, शेजारी ना मी तुझा?

ओड्नी : शेजारी म्हणून तर लिहिलं. कॉफीला यायचास आणि फोटो हातात घेतलास की आधी मागची बाजू बघायचास. मला काय कळत नव्हतं? आणि तुझ्या बापानं सांगितली होती का रे तुला त्याची जागा?

तोर्गाइर : सांगितली. दवाखान्यात, शेवटच्या दिवशी. तीही अर्धीच.

ओड्नी : मग! आपल्याकडं माणूस घराची किल्ली शेजाऱ्याकडं ठेवतो, पण मुल्ट्यांची जागा सख्ख्या भावाला सांगत नाही. मी काय जगावेगळं केलं?

तोर्गाइर : बरं बाई, हलवतो ठिपके. पण पालिका मानायची नाही. रस्ता अडवायला म्हातारीनं जागा बदलली म्हणतील. तुझ्या एका फोटोत डोंगर असेल तर शपथ! नुसती बादली, बूट आणि जमीन.

ओड्नी : आईची शिस्त होती. कॅमेरा खाली धरायचा. डोंगर दिसला की मागोमाग गाव येतं, म्हणायची.

तोर्गाइर : धन्य आहे तुमची. आली ना शिस्त अंगाशी?

ओड्नी : आली. म्हणून हा फोटो आणलाय.

तोर्गाइर : हा मंडळाला दिला नव्हतास.

ओड्नी : कुणालाच दाखवला नाही. एकसष्ट सालचा आहे. बाबांनी चुकून कॅमेरा वर केला. आठवडाभर आई बोलली नाही त्यांच्याशी. फोटो पिठाच्या डब्यात लपवला. फाडणार होती, पण मीच रडले. हसतानाचा तिचा एवढा एकच आहे.

तोर्गाइर : गुडलाउगमावशी! किती तरुण गं. आणि मागं हे... दोन सुळके, मधे खाच. हे सुळके असे क्वितमीरातूनच दिसतात, लांगवात्नवरून दिसतच नाहीत. ओड्नी, हा पुरावा आहे! याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

ओड्नी : मग ठेव ठिपका. अगदी तिच्या पायाशी ठेव.

तोर्गाइर : ठेवला. आता मशीन विचारतंय, सगळ्यांना दाखवू की फक्त पालिकेला? ऐक माझं, झाकून टाकू. पालिकेचं काम होईल आणि तुझी जागाही तुझीच राहील. मी कुणाला बोलणार नाही, बायकोच्या कबरीची शपथ.

ओड्नी : गुणाचा आहेस. पण झाकली तर ती एका म्हातारीची जागा. म्हातारी गेली की दुसऱ्या दिवशी खडी टाकतील.

तोर्गाइर : लेकाला सांगून ठेव ना.

ओड्नी : तीनदा सांगायला बसले. म्हणाला, आई, ऑस्लोत दुकानात मिळतात. त्याच्याशी भांडले, मग घरी येऊन रडलेसुद्धा. सांगायला माझं कुणी उरलेलंच नाही, तोर्गाइर. मग झाकू कुणासाठी? उघडं कर. रविवारी अख्खं गाव जाऊ दे तिथं, पोरंबाळं, म्हातारे, सगळे. मग लिहा म्हणावं, वापर नाही! मी त्यांच्या यंत्रापुढं आडवी पडेन, पण एकटीनं नाही पडणार.

तोर्गाइर : एकदा उघडं केलं की परत झाकता येत नाही. पुढच्या वर्षी तुझ्या वाट्याला एक दाणा राहायचा नाही.

ओड्नी : माहितेय.

तोर्गाइर : मावशी असती तर काय म्हणाली असती?

ओड्नी : झोडपलं असतं मला. आणि मग त्या पवनचक्कीवाल्यांना.

तोर्गाइर : तीनला दहा कमी आहेत. दाबू?

ओड्नी : तू नको. सरक बाजूला, मी दाबते.