कणगीमागची खोली

बिजली : आवो, पुरे करा आता! भिताडाले भोक पडलं!

खेमसिंग : पडू दे. हातभर खनलं, आता मांगं हटू? तूच म्हनलं ना, कणगीच्या मांगं दार सापडते?

बिजली : सपनात सापडते! नवऱ्याले सपन सांगतलं, हेच चुकलं माह्यं.

खेमसिंग : एकच सपन तीनदा कोनाले पडते? आपल्या आज्यानं लदेणीचे, पाठीवर माल वाहाचे, बैल विकून हे घर बांधलं. बाकीची चांदी कुठं गेली त्याची? घरातलं लपलेलं सपनात दिसलं का ते वर याले पाह्यते. धरमसिंग नायकानं सोता सांगतलं मले.

बिजली : नायकाले कायले सांगतलं? साऱ्या तांड्यात बोभाटा!

खेमसिंग : ते राहू दे. दार उघडलं मंग आत काय होतं? हंडा? पेटी?

बिजली : काई नाई जी. खोली होती. सारवलेली. एक बाज, अन् एक लोटा, पालथा ठेवलेला.

खेमसिंग : पालथा? मंग त्याच्याच खाली असन!

बिजली : काई नसते खाली! मले नुसतं वाटे, अवं माय, ही खोली तं आपल्याच घरात होती, म्या पाह्यलीच कशी नाई?

खेमसिंग : मंग रडून काहून राह्यली? चांगलं सपन हाये. सरक तिकडे.

(पहार पुन्हा भिंतीवर आदळते.)

बिजली : थांबा! तुमाले जमनीची आन हाये!

खेमसिंग : माह्या बहिनीचं नाव मधात कायले? भावाचं घर इसरली ते. होळीले आली नाई, तिजले आली नाई. माजली! मी बी बलावनार नाई.

बिजली : आलती ते.

खेमसिंग : कवा?

बिजली : मतं पडली त्या दिशी. तुमी गाडी घेऊन राळेगावले गेलते. नवऱ्यानं हाकललं होतं तिले. खाकेत पोरगी, डोक्शावर गाठोडं. अंगनात उभी राहून म्हने, भोजाई, एक कोपरा दे. माहा भिया घरी येईपर्यंत तरी बसू दे.

खेमसिंग : मंग?

बिजली : म्या म्हनलं, घरात जागा नाई. कणगीनंच सारी जागा खाल्ली, म्हनलं. पानी देल्लं, ते बी अंगनातच. पोरीले पाजलं तिनं, लोटा पालथा ठेवला अन् गेली. मले भेव वाटलं जी, एकदा बसली तं उठनार नाई. लय पाप केलं म्या. मारा मले, पन भिताड नका फोडू.

खेमसिंग : होळीच्या दिशी जेवता जेवता तिले शिव्या घातल्या म्या. तू समोर बसून वाढत होती.

बिजली : सारं आयकत होती जी, अन् वाढत होती.

खेमसिंग : पन तोंड नाई उघडलं.

बिजली : नाई उघडलं.

खेमसिंग : कुठं हाये आता?

बिजली : पांढरकवड्यात. बांगड्यावाला रहेमान सांगे, जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडते. कोनाच्या तरी पडवीत निजते, पोरीले घेऊन. त्यानं सांगतलं तवापासूनच हे सपन पडून राह्यलं.

खेमसिंग : केवढी होती गं खोली, सपनातली?

बिजली : बाज मावे. पोरीची झोळी टांगायले वर लाकूड होतं.

खेमसिंग : इकडे पाय. कणगी सरकवली म्या, खनासाठी. मावते का इथं बाज?

बिजली : मावते.

खेमसिंग : एकट्यानं सरकवली. दोन घडीचं काम.

बिजली : तुमी जा जी, घेऊन या तिले.

खेमसिंग : मी काहून? वापस कोनं धाडली? सकाऊनच्या मोटरनं तू जाशीन.

बिजली : अन् नाई आली तं? माह्यं तोंडच पाह्यलं नाई तं?

खेमसिंग : तं एकटी ये. मी भोक बुजवून सारवून ठेवतो. पन कणगी आता मांगं न्याची नाई.