तेलंगणाची भाकरी आणि आमचे भाऊजी

मी कोणाला उलट बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण गेल्या रविवारी भाऊजींना बोललो.

झालं असं, की सहावीतली माझी भाची पिंकी भूगोलात नापास झाली. मग मी ज्या लूमवर (यंत्रमागावर) कामाला आहे, तिथल्या राज्याराज्यांतून आलेल्या कारागिरांना विचारून दर रविवारी तिच्यासोबत एकेका राज्याचा पदार्थ करायला लागलो. त्या दिवशी खोलीत खडूने भारताचा नकाशा काढला होता. बिहारवर लिट्टी ठेवली होती आणि तेलंगणावर ज्वारीची भाकरी. तेवढ्यात भाऊजी ड्युटीवरून आले.

"हा भूगोल आहे की भटारखाना? उद्यापासून ही क्लासला जाणार. तुझं शिकवणं बंद."

मी म्हटलं, "बंद करायच्या आधी तिला काहीतरी विचारा."

भाऊजींनी भाकरीकडे बोट दाखवलं. "सांग, आपण गावी, अंबाडीकडे ज्वारी का नाही लावत?"

पिंकी म्हणाली, "आपल्याकडे पाऊस खूप पडतो ना बाबा, म्हणून भात. ज्वारीला कमी पाणी लागतं."

"हे पुस्तकात आहे?"

"आहे. पण मला भाकरी थापताना कळलं."

भाऊजी माझ्याकडे वळले. "आठवीत शाळा सोडलेला तू, आणि मास्तर झालास?"

एरवी मी मान खाली घातली असती.

"भाऊजी, मला सगळी राज्यं पाठ होती. ती का वेगळी आहेत, हे कोणी सांगितलंच नाही, म्हणून कंटाळून शाळा सोडली. क्लास खुशाल लावा. रविवारी दुपारी मात्र पिंकी माझ्याकडेच बसणार."