काढलेली घुंगरं

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापूर स्टँडवर हुपरीच्या एसटीचं इंजिन धडधडत होतं. निशाच्या पुढच्या बाकावर म्हातारे आप्पा आणि चांदीकाम करणारा तरणा बाळगोंडा बसले होते. आपण हळूच बोलतोय असं त्यांना वाटत असावं, पण अर्ध्या गाडीला ऐकू जात होतं.

"काय रं बाळगोंडा, बायकांच्या मंडळाच्या बैठकीला गेलतास न्हवं?"

"गेलतो की, आप्पा. त्याच अटीवर बायकोनं केस मागं घेतलीया. बायकोला मारणारे आमी सगळे गोल बसतो आन् बोलतो."

"आन् हात?"

"दिवाळीपासनं उचलला न्हाय."

"मग घरात आनंद असंल आता."

"कुठला आनंद! म्हणून तर तिला नवं पैंजण करून दिलं, दुप्पट घुंगरं लावून."

"खूश झाली असंल की!"

"म्हणाली, घुंगरं तेवढी काढून द्या."

"का? टोचत हुती व्हय?"

"मी बी तेच इचारलं. तर म्हणती, 'मी कुठं लपलीया ते तुमाला आवाजावरनंच घावायचं.'"

हळू बोला म्हणायला निशानं तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटून घेतलं.

"मग काढलीस?"

"काढली. माझ्या सायकलीला बांधली. मी गल्लीत शिरलो की तिला आदी कळाया पायजे."

"कळल्यावर काय करती?"

"आतनं कडी लावती."

"आन् तू?"

"भाईर कट्ट्यावर बसतो. ती काढंल तवा आत जायाचं."